दंडावरचा पट्टा

माघ चालू होता. धुकं इतकं दाट, की अंगणात उभं राहिलं तरी समोरचा लिंब दिसत नव्हता. गारठ्यानं बोटं वळत नव्हती.

"एक दिवस मी मौज करायला गेले, आणि नेमकं त्याच दिवशीचं वाचायचं राहिलं तर? त्यापायी उद्या माणूस मेलं, तर कुणाच्या माथी, बाबा?"

विचारत होती माझी नात, कावेरी. जिल्ह्याच्या गावी होस्टेलात राहून नर्सिंग शिकते. दुसरं वर्ष. आणि विचारत होती मदारबाबांना. बाबा फकीर. त्यांचा राहायचा तकिया आमच्या कुडाला लागूनच, चाळीस वर्षांचा शेजार. मीच तिला त्यांच्यापुढं नेऊन बसवलं होतं.

कारण मी भ्यालो होतो.

दोन महिन्यांमागं वॉर्डात तिच्या हातून चूक झाली. शीर वर यावी म्हणून दंडाला रबराचा पट्टा बांधतात. त्याचं इंग्रजी नाव मला येत नाही. एका म्हातारीच्या दंडाला तिनं तो बांधला, तेवढ्यात कुणी हाक मारली म्हणून गेली... आणि पट्टा तसाच राहिला. परत येईतो म्हातारीचा हात निळा पडला होता. मोठ्या सिस्टरनं पाहिलं म्हणून निभावलं. म्हातारी बरी होऊन घरी गेली.

पोरगी मात्र अजून त्या खाटेपाशीच उभी.

चार दिवस सुट्टीला आली, तर जेवताना पुस्तक, न्हाताना तोंडानं पाठ. झोपेतून उठून माझा दंड चाचपायची. काही बांधलेलं राहिलंय का, म्हणून. पूर्वी हिचं हसणं ओढ्यापलीकडं ऐकू जायचं.

त्या दिवशी तिच्या लहानपणच्या मैत्रिणीची, पौर्णिमाची हळद होती. पौर्णिमाची आई दोनदा येऊन गेली. "कावेरी आल्याबिगर पाटावर बसणार नाही म्हणून अडून बसलीय गं. बायका खोळंबल्यात. येतेस की नाही, ते तरी सांग."

कावेरीनं पुस्तकातून मान वर केली नाही.

बाबांनी विचारलं, "वर्गात कितवी तू?"

"पहिली." ती जरा ताठ झाली. "चूक झाली तरी पहिलीच."

"वा! मग मैत्रीण कशाला पाहिजे?"

"थट्टा करू नका, बाबा. आमच्या कामात चूक म्हणजे..."



तिच्या मांडीवरच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेला होता तो पट्टाच. बाबांनी तो ओढून काढला. कफनीची बाही वर सारली.

"बांध."

"कशाला?"

"पहिली आलेली कशी बांधते, बघू दे की."

तिनं बांधला. गाठ बरोब्बर बसली. बाबांच्या सुकल्या दंडावर शीर टरारून वर आली.

"शाब्बास," बाबा म्हणाले आणि हात मांडीवर घेऊन निवांत बसले. "रंगनाथ, चहा ठेव."

मी चुलीकडं वळलो.

"पौर्णिमाचा नवरा काय करतो गं?"

"कोंबड्या पाळतो. बाबा, सोडते पट्टा."

"राहू दे. किती छान बसलाय. सासर लांब आहे का?"

"आहे लांब... बाबा, मिनिटाच्या वर ठेवत नसतात तो."

"असेल. पुस्तकात असेल तसं."

...

  बाबांच्या हाताचा रंग बदलत चालला होता. आधी तांबूस, मग जांभळट. नखं पार काळवंडली. माझं सगळं लक्ष त्या हाताकडं. चहा उतू जाऊन चुलीत सांडला.

"बाबा, हात द्या इकडं!"

"घाबरतेस काय? पहिल्या नंबरानं बांधलाय."

"रक्त खाली-वर व्हायला नको का? हात मरेल ना!"

"आणि सैल सोडला, आणि चूक झाली म्हणजे?"

...

कावेरीनं एकदम झेप घेतली. एका हिसक्यात पट्टा सुटला. बाबांचा हात दोन्ही तळव्यांत धरून ती चोळत राहिली. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. हळूहळू बोटांना माणसाचा रंग आला.

हात न सोडता म्हणाली, "पण पुन्हा विसरले तर?"

"बांधायला विसरलीस कधी?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग विसरतेस ते सोडायला." पट्टा जमिनीवर पडला होता, साप मरून पडावा तसा. ती त्याच्याकडं बघत बसली.  दूर पौर्णिमाच्या दारात हलगी वाजायला लागली होती.

मग ती उठली. माठातलं पाणी घेऊन तोंड धुतलं.

"आबा, माझी पिवळी ओढणी कुठंय?"

"तुझ्या आईच्या पेटीत असेल."

"संध्याकाळी वाचायला बसते मग." आणि गेली. चार पावलांत धुक्यानं तिला गिळलं, नुसते पैंजण ऐकू येत राहिले. पुस्तक चटईवर उघडंच होतं.

 बाबांच्या दंडावर पट्ट्याचा वळ उठला होता. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

म्हटलं, "बाबा, पोरीनं सोडलाच नसता तर? तुम्हाला भीती नाही वाटली?"

बाबांनी बाही खाली ओढली.

"लई वाटली. म्हणून तर भिणारीकडनं बांधून घेतला."