जातो म्हणणारा कुत्रा

उंबरे बोलत असत तेव्हाची गोष्ट. सगुणाबाई टाकून दिलेली कुत्री घरी आणायच्या, बरी करायच्या आणि चांगलं घर मिळालं की पाठवून द्यायच्या. त्यांचा उंबरा प्रत्येकाला रीत शिकवायचा: निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं.

एकदा काळ्या आला. तो दाराकडे तोंड करून बसायचा, भाकरीला शिवायचा नाही.

"कोणाची वाट बघतोस?" उंबऱ्याने विचारलं.

"धन्याची. बाजारात मला खांबाला बांधताना तो 'येतो' म्हणाला होता."



सगुणाबाईंनी घाई केली नाही. रोज त्याच्याशेजारी बसून त्या आपली भाकरी खायच्या. हळूहळू तो त्यांच्या हातून खाऊ लागला, दाराकडे पाठ करून झोपू लागला. मग डोंगरापलीकडचा एक भला धनगर त्याला न्यायला आला.

निघताना काळ्याने सगुणाबाईंचा हात चाटला. "जातो गं माय," तो म्हणाला.

"अरे, असं म्हणू नये," उंबरा कळवळला.

"'येतो' म्हटलं तर ती दाराकडे बघत बसेल."

पुढे त्या घरातून कितीतरी कुत्री गेली. उंबऱ्याने कोणालाच टोकलं नाही.