गुरुवारपर्यंत कळ काढा

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एका आडगावात ख्रिस्ती लोकांची पंधरावीस घरं होती आणि त्यांचं एक छोटंसं देऊळ होतं. त्या देवळातला सेवक नम्रपणासाठी प्रसिद्ध होता, आणि आपण प्रसिद्ध आहोत हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं. पंगतीत तो मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी बसायचा. पण कोणीतरी हाताला धरून पुढे नेईपर्यंत त्याला घास गोड लागत नसे.

दरवर्षी पवित्र गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, हा सेवक भरल्या देवळात बारा जणांचे पाय धुवायचा. कमरेला पंचा बांधून तो गुडघ्यांवर बसला की बायका पदराने डोळे टिपायच्या. खरं सांगायचं तर ते बाराही जण घरूनच वजरीने पाय घासून यायचे. सेवकाच्या हाताला मळ असा कधी लागलाच नाही.

एका वर्षी उपवासाच्या दिवसांत एस्तेरबाई नावाच्या एकट्या म्हातारीच्या पायात काटा मोडला. जखम चिघळली आणि वास येऊ लागला, तशी माणसं तिच्या दारावरून लगबगीने पुढे जाऊ लागली. तिला स्वतःला वाकता येत नव्हतं. शेजारीण भाकरी-पाणी द्यायची, पण जखम बघून तिला भोवळ यायची. म्हणून म्हातारीने तिच्याकरवी सेवकाला निरोप धाडला, की येऊन पाय तेवढा धुऊन बांधून द्यावा.

तो पवित्र गुरुवारच्याच आठवड्यातला सोमवार होता. सेवक लगेच निघाला, खांद्यावर पंचाही टाकला. पण वाटेत त्याच्या मनात आलं, की त्या झोपडीत बघायला कोण असणार? हाच पाय गुरुवारी देवळात धुतला तर मंडळीला केवढा धडा मिळेल. तो उंबऱ्याशीच थांबला.

“एस्तेरबाई, गुरुवारपर्यंत कळ काढा. तुम्हाला डोलीतून आणवतो. सगळ्यांच्या आधी तुमचा पाय धुईन.”

“एवढा मान कशाला, बाबा?” म्हातारी म्हणाली. “आत्ताच थोडं पाणी घाला. फार ठणकतंय.”

तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, अशी तिची समजूत घालून तो परतला. देवळात जाऊन त्याने तिच्यासाठी पहिली खुर्ची वेगळी काढली.

मंगळवारी म्हातारीला ताप भरला. बुधवारी ती बरळू लागली. शेजारीण धावत सेवकाकडे गेली, तेव्हा तो गुरुवारची परात घासत होता. उद्या आणतोच आहोत तिला, असं म्हणून त्याने शेजारणीला वाटेला लावलं.

गुरुवारी चौघे जण डोली घेऊन गेले आणि रिकामी डोली घेऊन परत आले. देऊळ माणसांनी भरलं होतं. सेवक परात उचलून तसाच झोपडीकडे पळत सुटला.

शेजारीण उशाशी बसली होती. तिने सांगितलं, की पहाटेपर्यंत म्हातारी एकच विचारत होती. गुरुवार आला का, गुरुवार आला का.

सेवक म्हातारीच्या पायाशी बसला. त्याने घागरीतलं पाणी परातीत ओतलं आणि पाय धुवायला घेतला. परातीतलं पाणी गढूळ झालं. त्याला रडू आवरेना.

“सावकाश धुवा,” शेजारीण म्हणाली. “आता तिला दुखत नाही.”

लहानथोरांनी या गोष्टीचं तात्पर्य मनाशी बांधून ठेवावं: चारचौघांत करण्यासाठी राखून ठेवलेली सेवा ज्याला हवी असते त्याच्यापर्यंत वेळेवर पोचत नाही.