केरबाच्या छातीचा फोटो

एका गावात केरबा नावाचा एक भोळा नवरा राहत होता, आणि त्याची बायको शालन दूर परदेशात नर्स होती. दोन वर्षं नवराबायकोची भेट फोनच्या काचेतूनच. केरबाच्या आईने सोमवार धरले होते. दोघं एका छपराखाली आली की उद्यापन.

शेवटी परदेशी सरकार प्रसन्न झालं, केरबाला बायकोकडे कायमचं यायचा अर्ज करता येणार होता. पण त्याचं सोवळं आईच्या देवघरापेक्षा कडक. पंधरा दिवस राहायला येणाऱ्याला काही विचारायचं नाही, त्याचे रोग बहुधा पाहुण्यासारखे रीतीने वागत असावेत. कायमचं येणाऱ्याची मात्र तपासणी. शहरातल्या डॉक्टरांनी हा नियम केरबाला दोनदा समजावला आणि सांगितलं, उद्या रक्त घेऊ, उपाशी या.

केरबाने घरात उपास पाहिलेले होते. साबुदाण्याची खिचडी, दोन रताळी आणि वर दाण्याचा लाडू खाऊन तो गेला. काय खाल्लंत असं विचारल्यावर त्याने सगळं अभिमानाने सांगितलं. मीठसुद्धा शेंदेलोणच घातलं होतं म्हणाला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि परवाची तारीख दिली.

मग छातीचा एक्स-रे. तिथल्या माणसाने सांगितलं, सदरा काढा, ताईत काढा, छाती फळीला टेकवा, श्वास रोखा. केरबाने सगळं नीट केलं. परदेशाचा फोटो असा काढतात होय, हे त्याने मनात पक्कं धरलं.

दुसऱ्या दिवशी फॉर्मवर लावायला चेहऱ्याचा फोटो हवा होता. केरबा स्टुडिओत गेला. सदरा काढला, ताईत काढला, पांढऱ्या पडद्याला छाती टेकवली आणि श्वास रोखला. फोटोवाल्याला कॅमेऱ्यात नुसती पाठ दिसली.

"अहो पाव्हणं, तोंड इकडं करा. आणि दात दिसू देऊ नका, फोटो परत येतो."

केरबाने हेही धरलं. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, आ करा. केरबाने ओठ घट्ट मिटले. डॉक्टरांनी विनवलं, नर्सने विनवलं. अखेर तोंडावर हात धरून तो म्हणाला, "दात दिसले की परत पाठवतात."

त्यात अर्धा तास गेला. पण केरबा ठणठणीत निघाला. परदेशी सरकार छातीच्या आत डोकावून बघतं, डोक्याच्या आत बघत नाही, ही देवाचीच कृपा. डॉक्टरांनी अहवाल पाकिटात घालून सील केला आणि बजावलं, हे फोडायचं नाही, कुणाच्याही हातात द्यायचं नाही.

अर्जाची शेवटची तारीख होती. व्हिसा कार्यालयातल्या बाईंनी खिडकीतून हात पुढे केला. केरबाने पाकीट छातीशी धरलं. मोठे साहेब आले, त्यांनीही पाकीट मागितलं.

"साहेब, कुणाच्याही म्हणजे तुमच्याही."

एक वाजला. खिडकी बंद झाली, आणि परदेशही.

शालन फोनवर खूप रडली. मग डोळे पुसले, नोकरीचा राजीनामा दिला आणि विमानात बसली.

आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी. आता उद्यापनाला किती सवाष्णी बोलवायच्या, हेच तिच्या मनात. तेवढ्यात केरबा दोन्ही हात पसरून उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"शालन, किती दिवसांसाठी आलीस?"

"अहो, आता कायमचीच."

केरबाचा चेहरा पडला. उपाशी आलीस का, त्याने विचारलं. ती विमानात जेवली होती. छातीचा फोटो? नव्हता.

"मग आत कशी घेऊ? पंधरा दिवसांसाठी येतीस तर काही विचारलं नसतं."

शालन उन्हात, हातात बॅग. सासूकडे बघून तिला हसू फुटलं.

"बरं. पंधरा दिवसांसाठी आले."

केरबाने लगेच वाट दिली, बॅग स्वतः आत नेली. पंधरा दिवस त्याने तिला इतकं जपलं, की तिला परदेश आठवला नाही. आईने उद्यापनाची तयारी काढली.

सोळाव्या दिवशी सकाळी केरबाने बायकोची बॅग नीट भरली, उंबऱ्याबाहेर ठेवली आणि डोळे पुसत म्हणाला, "मुदत संपली गं."

आई नवा भाकरतुकडा आणायला आत गेली.