दुकानाच्या फळ्या

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह एका बाजारगावी मुक्कामाला होते. शिष्य तिशीचा, बुद्धीने तल्लख. जन्ममृत्यूविषयीची कितीतरी वचनं त्याला मुखोद्गत होती. पण दुःखाने खचलेल्या माणसासमोर त्यातलं नेमकं कोणतं उच्चारावं, हे काही त्याला उमगलं नव्हतं. आचार्य काय बोलतात, केव्हा बोलतात, याकडे म्हणूनच त्याचं बारीक लक्ष असे.

एके दिवशी गावातल्या धान्याच्या व्यापाऱ्याची बहीण आचार्यांकडे आली. नमस्कार करून म्हणाली, "महाराज, माझी वहिनी गेल्याला महिना होऊन गेला. दादा माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून असतो. रडत नाही, की बोलत नाही. दुकानाच्या फळ्या त्या दिवशी लागल्या त्या तशाच आहेत. शहाणीसुरती माणसं येऊन समजावून गेली. तुम्ही दोन शब्द सांगा. तुमचं कदाचित ऐकेल."

शिष्य उत्सुकतेने बरोबर निघाला. आज ते वचन कानी पडणार, अशी त्याची खात्री होती.

आचार्य व्यापाऱ्याच्या खाटेशेजारी बसले. मग त्यांनी एकच विचारलं, "दुकान केव्हा उघडायचास?"

"उजाडताना," व्यापारी भिंतीकडेच पाहत म्हणाला.

आचार्य उठले आणि चालू लागले.

दुकान घराच्याच पुढच्या अंगाला होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताना ते शिष्याला घेऊन तिथे हजर. बहिणीकडून किल्ली घेऊन त्यांनी कुलूप काढलं, खाचेतून एकेक फळी सरकवून बाहेर घेतली आणि ओट्यावर बसले. गिऱ्हाईक आलं की सांगत, "मालक आत आहेत. येतील." गिऱ्हाईक थोडं थांबून निघून जाई. दिवसभर एक दाणाही विकला गेला नाही. संध्याकाळी आचार्य फळ्या परत लावू लागले, तर एक धड बसेना. कुठे फट राहिली, कुठे फळी तिरकी अडकली. तळव्याने ठोकून ठोकून त्यांनी कसंबसं दुकान बंद केलं.

"गुरुदेव, फळ्यांच्या मागे खुणा कोरल्या आहेत. त्या पाहून लावल्या तर क्रम चुकणार नाही," शिष्य म्हणाला.

"आहेत का खुणा? असू देत."

पुढचे काही दिवस हेच चाललं. शिष्य चक्रावला. ज्यांच्या आश्रमात केरसुणीचीही जागा ठरलेली, त्या आचार्यांना फळ्यांचा क्रम कळू नये? की वयाने दृष्टी अधू झाली? आणि ते दोन शब्द कधी सांगणार? पण आचार्यांना विचारण्याचं त्याला धैर्य होईना. तो पाहत राहिला.

एका संध्याकाळी फळी अशी काही अडकली की मागेही येईना, पुढेही जाईना. आचार्य ती ठोकत असताना घराच्या बोळातल्या दाराने कुणीतरी बाहेर आलं. दाढी वाढलेली, डोळे उजेडाला न सरावलेले. तो व्यापारी होता.

"महाराज, ती तिथे नाही बसायची."

"मग कुठे?"

"ती कोपऱ्यातली आहे. आधी कोपरा लागतो."

"मला काही जमत नाही. तूच दाखव."

व्यापाऱ्याने अडकलेली फळी खालून किंचित उचलली, ती अलगद सुटली. मग एकामागून एक सगळ्या जागच्या जागी बसल्या. त्याने कुलूप लावलं, सवयीने ते दोनदा ओढून पाहिलं आणि तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी दोघे पोचण्याआधीच दुकान उघडं होतं. व्यापारी गादीवर बसला होता. शेजारची एक बाई तूरडाळ घ्यायला आली. त्याने डाळ तोलली, कागदाचा पुडा केला आणि मान अर्धवट वळवून आत हाक दिली, "अगं, सुतळी दे गं जरा."

आतून कुणी आलं नाही. पुढे केलेला त्याचा हात तसाच राहिला. मग त्याने तो तोंडावर घेतला आणि हमसून हमसून रडू लागला.

बहीण धावत आली. आचार्यांनी तिला हातानेच थांबवलं. "राहू द्या दादा, मी पदरात घेते," असं हळूच म्हणून शेजारणीने डाळ ओटीत घेतली आणि ती तिथेच उभी राहिली. बऱ्याच वेळाने व्यापाऱ्याने उपरण्याने डोळे पुसले. तोवर दुसरं गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. "काय देऊ?" त्याने विचारलं.

परतताना शिष्याला राहवेना. "गुरुदेव, कालपर्यंत तो निदान शांत होता. आज ढसाढसा रडला. हे बरं झालं म्हणायचं?"

आचार्य म्हणाले, "त्या माजघरात त्याच्यासमोर एकच गोष्ट होती, ती म्हणजे बायको गेली. एवढ्या एकाच गोष्टीकडे माणसाला पाहवत नाही, म्हणून त्याने तोंड फिरवलं होतं. रोजच्या कामात बाकीचं सगळं असतं. उजेड असतो, डाळ असते, शेजारीण असते. त्या सगळ्यांमध्ये तिची रिकामी जागा आज त्याला दिसली. केवढी आहे तेही दिसलं. तेव्हा कुठे रडू आलं."

"आणि फळ्या? त्या तुम्ही मुद्दाम चुकवत होतात?"

आचार्य हसले. "पहिल्या दिवशी खरंच चुकल्या. दुसऱ्या दिवशी मी ठोकू लागलो तशी आत खाट करकरली, तेव्हा ध्यानात आलं. उपदेश केला असता तर त्याला नुसती मान डोलवावी लागली असती. चुकीची फळी ऐकून मात्र त्याचे हात स्वस्थ राहीनात. मन जिथे जायला धजत नाही, तिथे सवयीचे हात आधी पोचतात. मन मागाहून येतं."

"मग आता त्याचं दुःख जाईल?"

"जाणार नाही. त्याच्याशेजारी गादीवरच बसेल. पण गिऱ्हाईक आलं की थोडं सरकून जागा देईल."

मुक्काम हलवायच्या दिवशी दोघे दुकानावरून निघाले. आचार्य पुढे गेले. शिष्य क्षणभर रेंगाळला. व्यापारी गुळाची ढेप फोडत होता. शिष्याच्या ओठांवर एक वचन आलं होतं. त्याने ते गिळलं आणि विचारलं, "आजचा गूळ कसा आहे?"

व्यापाऱ्याने एक खडा त्याच्या तळहातावर ठेवला. "चाखून बघा."

शिष्याने तो जिभेवर ठेवला, मान हलवली, आणि आचार्यांना गाठायला झपझप पावलं उचलली.