पांढरीच राहिलेली चांदीची काडी

“सांगून सांगून जीभ झिजली, पण एकानं खरं मानलं असेल तर शपथ!”

असं म्हणणारी एक बाई फार फार वर्षांपूर्वी होऊन गेली. किती वर्षांपूर्वी ते विचारू नका, तेव्हाचे डोंगरसुद्धा आता थोडे झिजलेत. जपान देशात समुद्राकाठी तिचं घर, आणि नवरा कुंभार. त्याच्या दोन्ही हातांची बोटं आखडली. मूठ उघडेना, चाक फिरेना. कुंभाराचे हात गेले म्हणजे राहिलं काय?

बाई म्हणाली, “उठा. डोंगरातल्या गरम पाण्याच्या गावाला जाऊ. एकवीस दिवस त्या पाण्यात बसायचं. सासूबाईंचे गुडघे तिथंच मोकळे झाले. मीच घेऊन गेले होते.”

“आणि बर्फ पडून खिंड बंद झाली तर?”

“त्याच्या आधी बरे व्हा.”

नऊ दिवस चालून दोघं पोहोचली. गाव जुनं, नावाजलेलं. गावाच्या वर कढत पाण्याचा झरा. तिथून लाकडी पन्हळीतून पाणी खाली न्हाणीघरांत यायचं. इतकं कढत की त्यात अंडं शिजावं. पण त्यात थंड पाणी घालायचं नाही, घातलं की गुण जातो, ही गावाची चाल. म्हणून बारा बायका लांब फळ्यांनी ते पाणी घुसळायच्या. गाणं म्हणत म्हणत, अंगाला सोसेल इतकं निवेपर्यंत.

सात दिवस कुंभार त्या पाण्यात बसला. एक बोट हललं नाही.

आठव्या दिवशी बाईनं पाणी हुंगलं. गंधकाचा वास जेमतेम. तिनं केसांतली चांदीची काडी काढून पाण्यात टाकली. वीस वर्षांपूर्वी हीच काडी चुकून या पाण्यात पडली, तेव्हा बघता बघता कोळशासारखी काळी झाली होती. सासूबाईंनी ती राखेनं घासायला लावली होती, वर चार शब्दही ऐकवले होते. आज काडी दुपारपर्यंत पाण्यात पडून राहिली. पांढरी ती पांढरीच.

“हे ते पाणी नाही!” बाई चौकात उभी राहून ओरडली.

गावाचा म्होरक्या बाहेर आला. सगळ्यांत मोठी सराई त्याची. दारावर निळा पडदा, पडद्यावर पांढरा करकोचा. तो गोड हसला.

“पाणी तेच आहे, बाई. तुझी श्रद्धा पातळ झालीय.”

“श्रद्धा पातळ की पाणी पातळ, ते ही काडी सांगते.”

पाहुणे हसले. कुणी म्हणालं, काडीच खोटी. कुणी म्हणालं, बाईच अपशकुनी. एक म्हातारा म्हणाला, “डोंगरातल्या कोल्हिणीनं पाण्याचा गुण चोरला असेल.” झालं! लगेच कोल्हिणीला भात ठेवला. न पाहिलेल्या कोल्हिणीवर गावाचा विश्वास बसला, समोर उभ्या बाईवर नाही.

म्होरक्या म्हणाला, “उद्या सकाळी नवऱ्याला घे आणि गाव सोड.”

बाई रडली नाही. तिला उद्यापर्यंतचा वेळ पुरेसा होता. ती तडक फळीवाल्या बायकांकडे गेली.

“मावशी, फळी मारताना हात भाजतात का?”

“पूर्वी भाजायचे,” थोरली म्हणाली. “हल्ली नाही. निबर झाले असतील.”

“बाराही जणींचे? एकाच वर्षी? त्या परवा आलेल्या सुनेचेसुद्धा?”

मावशीनं आपले तळवे पाहिले. मग खांद्यावर फळी टाकली आणि बाईच्या मागं निघाली.

वाटेत पाइनच्या फांदीवर एक म्हातारी माकडीण कुडकुडत बसली होती.

“तुम्ही तर थंडीत या पाण्यात बसायचात ना?” बाईनं विचारलं.

“दोन हिवाळे झाले, उतरत नाही. कोमट पाण्यात बसून कुडकुडायचं, तर झाड काय वाईट?”

“मग हे गावाला का नाही सांगितलंस?”

“माकडाला विचारायला येतं कोण?”

“मी आले ना! थंड पाणी कुठून येतं, ते दाखव.”

माकडिणीनं पन्हळीच्या कडेचं नेच्याचं रान दाखवलं. बाईनं पानं उपटली, चपटे दगड सारले. खाली बांबूची नळी! ओढ्याचं थंडगार पाणी गुपचूप पन्हळीत मिसळत होती. नळीच्या सांध्यांवर चिंध्या घट्ट बांधलेल्या. चिंध्या निळ्या, आणि एका चिंधीवर करकोच्याचा अर्धा पंख.

मावशीनं तिथूनच अशी हाक मारली की सगळं गाव वर धावत आलं. बाईनं काडी झऱ्याच्या मुखाशी धरली. काळी! राखेनं घासली आणि नळीच्या खालच्या अंगाला धरली. पांढरी! मग तिनं चिंधी वर धरली.

म्होरक्याचा चेहरा उतरला, पण तोंड चालूच होतं. “पाहुणे वाढले. घुसळत बसायचं किती? थंड पाण्यानं दुप्पट न्हाणीघरं भरली. लोक खूश होते. कुणी तक्रार केली का?”

“मी केली,” बाई म्हणाली. “तू मला गाव सोडायला सांगितलंस.”

मावशीनं फळीच्या एका दणक्यात नळी फोडली.

संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा कढत झालं, गावभर गंधकाचा वास सुटला. बाई नवऱ्याला म्हणाली, “आजपासून दिवस पहिला.” बाराव्या दिवशी बर्फ पडलं, खिंड बंद झाली. “होऊ दे,” ती म्हणाली. एकविसाव्या दिवशी कुंभारानं चहाचा वाडगा आपल्या हातानं उचलला. अर्धा सांडला, पण उचलला. पलीकडच्या कोपऱ्यात माकडीण गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती.

निळा पडदा उतरला. त्या सराईत पुन्हा कुणी उतरलं नाही. म्होरक्या फळी घेऊन बायकांच्या रांगेत शेवटी उभा राहिला. पहिल्याच दिवशी त्याचे हात भाजले.

लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, बोध एवढाच: श्रम वाचवायला खऱ्यात भेसळ करणारा आधी वस्तूचा गुण घालवतो आणि मग स्वतःचं नाव.

त्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण गावानं पन्हळीच्या तोंडाशी एक फळी ठोकली. नवी सून घुसळायला आली की आधी तिला ती वाचायला लावतात. फळीवर लिहिलंय, ‘झऱ्यात ओढा मिसळणारा’, आणि खाली एकच नाव, त्या म्होरक्याचं: तोकुएमोन.