एकोणतीसचा पाढा

"बत्तिसाव्या किलोमीटरलाच का कोसळतो मी, आक्का?"

बायजाक्का वाकून मैदानावर पांढऱ्या फक्कीची रेघ मारत होती. तीस वर्षं लांब पल्ल्याच्या शर्यती धावलेली बाई. आता एक हात कंबरेवरच असायचा. तिनं मान वर केली नाही.

"दोन वर्षं झाली. दोन्ही वेळा ॲम्ब्युलन्समधून परत. रविवारी मॅरेथॉनची तिसरी खेप. या वेळी पडलो तर बूट फेकून देईन."

"द्या की. माझंही एक डोकेदुखीचं गिऱ्हाईक कमी होईल."

उपळेकर मास्तर हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांनी वही पुढं धरली.

"हिशेब चुकलाय का, सांगा. दहा किलोमीटरला अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात मला. म्हणजे बेचाळीसला तीन तास बावीस."

आक्कानं वही पाहिली.

"गणित बरोबर आहे."

"मग?"

"पाढे येतात?"

मास्तर दुखावले. "तीसपर्यंत. झोपेतसुद्धा म्हणेन."

"झोपेत नको. धावत म्हणा. एकोणतीसचा. वहीतल्या वेगानं, आणि मला इथं ऐकू येईल असा."

मास्तर धावले. पहिली फेरी खणखणीत. दुसऱ्या फेरीला 'एकोणतीस त्रिक'वर अडले. तोंड उघडं, दम लागून आकडा बाहेर येईना.

"तुटला," आक्का म्हणाली. "हळू घ्या."

हळू घेतलं. पाचावर तुटला.

"अजून हळू."

"आक्का, लोक बघतायत!"

"बघू द्या. पाढा म्हणा."

ऊन चढलं. आक्काची रेघ मैदानाला वळसा घालून आली, फक्कीचं घमेलं रिकामं झालं. मास्तर धावतच होते. आता पाढा दहापर्यंत जायचा, पुन्हा एकेपासून सुरू व्हायचा. एकदाही तुटला नाही.

मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि जागीच थांबले.

"किलोमीटरला सहा मिनिटं! ही काय धावण्याची चाल झाली? अहो, या चालीनं मला सव्वाचार तास लागतील!"

आक्का घमेलं पालथं घालून त्यावर टेकली. पांढरे झालेले हात पदराला पुसले.

"लागतील."

"सव्वाचार तास, आक्का…"

"ऐकलं मी. आणि गेल्या वर्षी किती लागले होते?"