कुंपणापल्याडचे बैल

फार फार वर्षांपूर्वी भर समुद्रात एक बेट होतं. बेट एकच, पाऊस एकच, माती एकच. पण मधोमध बोरी-बाभळींचं एक कुंपण होतं आणि त्याच्या दोन बाजूंना राहणारी माणसं स्वतःला दोन मुलखांची समजत.

कुंपण त्यांनी लावलेलं नव्हतं. समुद्रापलीकडच्या एका राजाने कधीकाळी सगळं बेट घेतलं होतं. दक्षिणेच्या लोकांनी लढून आपला भाग सोडवून घेतला. उत्तरेतल्या निम्म्यांना राजा हवा होता, निम्म्यांना नको होता. तेव्हा राजाने उत्तर आपल्याकडे ठेवली आणि मध्ये काटे लावून दिले. काट्यांना पाणी घालावं लागत नाही. ते आपोआप वाढले.

आता या लोकांचं पोट कसं भरत होतं, तेही ऐका. उत्तरेला दरसाल राजाची गलबतं धान्य घेऊन येत. दक्षिणेच्या बंदरात परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. तिथे राबून लोक बाहेरचंच धान्य विकत घेत आणि स्वतःला सधन म्हणवत. दक्षिणेचे उत्तरेला हसत, "राजाच्या उष्ट्यावर जगता." उत्तरेचे म्हणत, "आणि तुम्ही कुणाच्या उष्ट्यावर?" दोघांचंही खरं होतं. शेतं दोन्हीकडे पडीक होती आणि त्याची लाज कुणालाच नव्हती.

कुंपण ठेवायचं की काढायचं, यावर दरवर्षी कुंपणाशी सभा भरे. उत्तरेचे या अंगाला बसत, दक्षिणेचे त्या अंगाला. सभेची एक रीत होती. कुंपणापायी जी माणसं मारली गेली त्यांची नावं आधी घ्यायची. एकेक बाजू आपापल्या मेलेल्यांची नावं घेई, बापाच्या आणि आजाच्या नावासकट. त्याला नऊ दिवस लागत. नावं संपल्याशिवाय दुसरं काही बोलायचं नाही आणि त्या दिवसांत मातीला हत्यार लावायचं नाही. कुंपण पावसाच्या तोंडावर लावलं गेलं होतं, म्हणून सभाही तेव्हाच भरे. पेरणीला हवी तेवढीच ओल मातीत असते, तो वाफसा त्या नऊ दिवसांतच येऊन जाई. मेलेल्यांचा मान राखावा, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मेलेल्यांना भूक लागत नाही, एवढं तरी त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

उत्तरेत कुंपणालगत एक विधवा राहत होती. तिला सहा वर्षांची एक मुलगी होती आणि लांबोडका एक शेताचा तुकडा होता. तिच्या आईने मरताना दिलेलं बाजरीचं बी ती दरवर्षी परसात चार ओळी लावून जिवंत ठेवत आली होती. शेजारणी तिला वेडी म्हणत. तिचा धाकटा भाऊ कुंपणापलीकडे, दक्षिणेत राहत होता. त्याच्याकडे बैलांची एक जोडी होती. साऱ्या बेटावर तेवढीच उरली होती.

त्या साली राजाचं गलबत अर्धंच भरून आलं. गलबताचा तांडेल उतरता उतरता म्हणाला, "राजाचं घरच पेटलंय. पुढचं गलबत येईल असं धरून चालू नका."

लोकांनी ऐकलं आणि सोडून दिलं. बहिणीने मात्र मनावर घेतलं. ती कुंपणाशी गेली आणि तिने भावाला हाक मारली.

"औंदा सगळा तुकडा पेरायचाय मला. तुझे बैल दे चार दिवस."

"देतो की, आक्का. पण आणू कुठून? बैल काही उडून यायचे नाहीत."

"सहा हात कुंपण तोडू. पेरून झालं की परत काटे लावू."

कुंपणाला हात लावणाऱ्याचं काय होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. त्यांचा चुलता त्या नावांच्या यादीत होता.

"सभेला विचार," भाऊ म्हणाला. "सभा हो म्हणाली तर त्याच घडीला बैल जुंपतो."

पहिल्याच दिवशी ती सभेत उभी राहिली. तिला खाली बसवलं, कारण नावं व्हायची होती. ती नऊ दिवस बसून राहिली. माती ओली झाली, वाफशाला आली, आणि ती मुठीत ढेकूळ घेऊन दाबून बघत राहिली. दहाव्या दिवशी तिला बोलू दिलं.

"मला काही तुमचं एक बेट नको नि दोन बेटं नकोत," ती म्हणाली. "मला सहा हात वाट द्या. गलबत आलं नाही तर माझी पोर काय खाईल?"

राजाच्या बाजूचा उत्तरेचा पुढारी उठला. "आज सहा हात मागतेस, उद्या सगळं कुंपण जाईल. मी होऊ देणार नाही."

मग ती दक्षिणेच्या पुढाऱ्याकडे वळली. हा माणूस जन्मभर कुंपण काढा म्हणत आला होता, तेव्हा तो तरी हो म्हणेल अशी तिला आशा होती.

तो म्हणाला, "बाई, वाट मागायची म्हणजे कुंपण आहे हे कबूल करायचं. आम्ही ते कुंपण मानतच नाही. सगळं काढा, नाहीतर एक काटाही हलवू नका."

"मानत नाही ना? मग बैल येऊ द्या."

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

मागून दक्षिणेचाच एक म्हातारा हळूच बोलला, "आणि खरंच एक झालो, तर या उत्तरेच्या लोकांना खायला कोण घालणार? आपलीच भाकरी व्यापाऱ्याच्या हातात आहे." त्याला सगळ्यांनी गप्प केलं. साऱ्या सभेत तेवढा एकच प्रश्न विचारण्यासारखा होता.

मग हात वर झाले. वाट देऊ नये, यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं. इतक्या वर्षांत कुंपणाच्या दोन्ही अंगांना एकदम टाळ्या वाजल्या त्या पहिल्यांदाच.

बहिणीने एकटीने कुदळ चालवली. पण माती आवळत चालली होती. तुकड्याचा दहावा हिस्सा कसाबसा पेरून झाला आणि हाताची सालटी निघाली.

गलबत आलं नाही. एकही आलं नाही. समुद्रात लढाया सुरू झाल्या, तसे दक्षिणेचे व्यापारीही घाबरले. एका भरतीला त्यांनी वखारींना कुलपं लावली आणि माल घेऊन ते दुसऱ्या बंदराला निघून गेले. ज्यांनी त्यांच्यासाठी जन्म घालवला ते धक्क्यावर बघत उभे राहिले. आपण स्वतंत्र आहोत, असं दक्षिणेचे लोक अभिमानाने सांगत. रिकाम्या पोटाने ते सांगवेना.

बहिणीच्या शेतात तीन टोपल्या बाजरी झाली. शेजारणी पोरं घेऊन दारात आल्या. पूर्वी तिला वेडी म्हणणाऱ्याच होत्या त्या. तिला दार लावून खाता येईना. महिन्याभरात टोपल्या रित्या झाल्या.

हिवाळ्यात दोन्हीकडे माणसं मरू लागली. आधी म्हातारी, मग लहान पोरं. नावं लक्षात ठेवायचं कुणाला सुचेना.

पुढच्या पेरणीच्या दिवसांत भावाने कुऱ्हाड घेतली आणि दिवसाढवळ्या कुंपण तोडलं. त्याला अडवायला कुणी आलं नाही. कुंपणावरच्या पहारेकऱ्यांच्या अंगात उठायचं बळ नव्हतं. त्याच्यामागे एकच बैल होता. दुसरा लोकांनी हिसकून नेऊन खाल्ला होता.

बहीण उंबऱ्यावर बसली होती.

"आक्का, बैल आणलाय. एकच आहे, पण दुसऱ्या बाजूला मी खांदा देतो. बी काढ."

"बी पोरीला शिजवून घातलं," ती म्हणाली. "तरी राहिली नाही."

भाऊ रडला. ती रडली नाही. तिचं रडून झालं होतं.

त्या खिंडारातून मग माणसं येऊ-जाऊ लागली. दक्षिणेचा पुढारी काठी टेकत आला आणि म्हणाला, "कुंपण गेलं. आपण जिंकलो." उत्तरेचा पुढारी म्हणाला, "मला हे मान्य नाही." दोघांचं ऐकायला तिथे कुणी थांबलं नव्हतं. लोक बंदराकडे चालले होते. मिळेल त्या होडीत बसून बेट सोडायचं होतं.

भावाने बहिणीला चल म्हटलं. "माझी पोर इथं आहे," एवढंच ती बोलली. तो एकटाच गेला.

होडीत उत्तरेचे आणि दक्षिणेचे गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. कितीतरी दिवसांनी ते परक्या बंदरावर उतरले. तुम्ही कुठल्या बाजूचे, असं तिथे त्यांना कुणी विचारलं नाही. त्या गावात त्या सगळ्यांना एकच नाव होतं, भिकारी.

तात्पर्य: एक व्हा की वेगळे राहा, पण आधी आपली भाकरी आपल्या शेतात पिकवा, नाहीतर तुमचा निवाडा भूक करते.